सूची क्रमांक २ मधून आपल्या घराच्या नोंदी कशा वेगळ्या काढाव्यात

जुनी सदनिका किंवा जमीन विकत घेताना विक्रेता, दलाल आणि बँक यांच्या सांगण्यापलीकडे जाऊन खरेदीदाराला स्वतः तपासता येईल असा एक अभिलेख महाराष्ट्रात उपलब्ध आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या या सूची क्रमांक २ ला, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याला, व्यवहारात सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ नुसार नोंदणी कार्यालयाला या सूची ठेवाव्या लागतात आणि कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे. त्यासाठी मालक असण्याची किंवा कारण सांगण्याची गरज नाही. विभागाच्या ‘ई-सर्च’ सेवेमुळे हे काम आता घरबसल्या होते, परंतु नोंदी मिळणे आणि त्यांतून आपल्या मिळकतीच्या नेमक्या नोंदी वेगळ्या काढणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम संकेतस्थळ करते, तर दुसरे आपल्याला करावे लागते आणि चुका तिथेच होतात.

या चुका बहुधा एकाच प्रकारच्या असतात. शोध घेणारा सुरुवातीलाच फार बारीक चाळणी लावतो, तिच्यातून दोन-तीन नोंदी खाली पडतात, त्या नीटनेटक्या दिसतात आणि तो समाधानी होतो, मात्र चाळणीत वर काय राहिले ते कोणी पाहत नाही. माझ्या धाकट्या बहिणीसाठी घर पाहत असताना मीही सदनिकेचा क्रमांक आणि इमारतीचे नाव यांवरच शोध घेतला होता. दोन करारनामे मिळाले, मालकीची साखळी जुळली आणि व्यवहार जवळजवळ ठरला. नंतर केवळ सर्व्हे नंबर घेऊन पुन्हा शोधले, तेव्हा विकसकाने संपूर्ण प्रकल्प एका वित्तसंस्थेकडे गहाण ठेवल्याची नोंद निघाली. ते गहाण सुटल्याचा दस्त मात्र कुठेच दिसेना. त्या गहाणखतात आमच्या सदनिकेचा क्रमांक नव्हता, आणि तो असण्याचे काही कारणही नव्हते. या लेखातील पद्धत त्या अनुभवानंतर बसवलेली आहे: आधी सैल शोध घ्यावा, मग एकेक अट वाढवावी आणि प्रत्येक अटीने काय वगळले ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली पायरी: मिळकतीची सगळी नावे आणि क्रमांक जमवणे

संगणकासमोर बसण्यापूर्वी एका कागदावर मिळकतीची ओळख लिहून काढावी. एकाच जमिनीला काळाच्या ओघात अनेक क्रमांक मिळालेले असतात. मूळ सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा असतो. तुकडेजोड आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. गावठाण किंवा शहराचे भूमापन झाले असल्यास सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सीटीएस नंबर आहे. नगररचना योजनेत जमीन गेली असेल तर अंतिम भूखंड क्रमांक, ज्याला सर्वजण ‘फायनल प्लॉट’ म्हणतात, तोही आहे. बिगरशेती करून भूखंड पाडले असतील तर प्लॉट नंबर त्याहून वेगळा असतो. १९९८ सालच्या दस्तात यांपैकी एक क्रमांक असू शकतो आणि २०१५ च्या दस्तात दुसरा, तरी जमीन तीच असते.

हे क्रमांक विक्रेत्याच्या जुन्या करारनाम्याच्या शेवटी असलेल्या परिशिष्टात, सातबारा उताऱ्यावर, मालमत्ता पत्रकावर आणि बांधकाम परवान्यावर सापडतात. सातबारावरील फेरफार क्रमांक अवश्य टिपून घ्यावेत. गाव नमुना ६ मधील त्या त्या फेरफारामुळे कोणत्या साली हस्तांतर झाले याचा अंदाज येतो आणि कोणत्या वर्षांत अधिक बारकाईने शोधायचे ते ठरवता येते. सदनिका १ मे २०१७ नंतर नोंदवलेल्या प्रकल्पातील असेल, तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून तिथे दाखवलेले भूमापन क्रमांक आणि बोजा (कर्ज किंवा गहाणाचा भार) यांची माहितीही या कागदावर उतरवावी.

गावाचे नाव लिहिताना विशेष काळजी घ्यावी. पुण्यात वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि वडगाव शेरी ही तीन वेगवेगळी महसुली गावे आहेत आणि सर्व्हे नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात. वसाहतीचे प्रचलित नाव आणि महसुली गावाचे नाव यांत अंतर असणे ही शहरांतील नेहमीची गोष्ट आहे. टपालाच्या पत्त्यावरील भागाचे नाव शोधासाठी उपयोगी पडेलच असे नाही.

पुढील विवेचनासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ: गाव वडगाव बुद्रुक, तालुका हवेली, जिल्हा पुणे, सर्व्हे नंबर ३४, हिस्सा नंबर २, त्यावरील इमारतीत दुसऱ्या मजल्यावरील सदनिका क्रमांक ५.

दुसरी पायरी: संकेतस्थळावर सैल शोध घेणे

ई-सर्चमध्ये मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि उर्वरित महाराष्ट्रातील शहरी भाग असे विभाग आहेत. आपल्याला योग्य तो विभाग निवडून वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा असतो. शोधाचे बटण पहिल्यांदा दाबल्यावर बहुधा चित्रातील नवी अक्षरे येतात आणि ती भरून पुन्हा शोध घ्यावा लागतो. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात काही दिसले नाही म्हणून नोंदच नाही असे समजू नये.

मिळकत क्रमांकाच्या रकान्यात केवळ ‘३४’ इंग्रजी अंकांत टाकावा. ‘३४/२’ टाकण्याचा मोह होतो, परंतु दस्तांत हाच हिस्सा ‘३४/२’, ‘३४-२’, ‘३४ हिस्सा नं. २’, ‘३४/२/१’ किंवा ‘३४/२अ’ अशा नाना रीतींनी लिहिलेला असतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे ‘३४/१ ते ३४/५’ असे लिहिणे. यात आपला हिस्सा अंतर्भूत आहे, पण ‘३४/२’ ही अक्षरे त्यात कुठेच नाहीत. केवळ ३४ टाकल्यामुळे असंबद्ध नोंदीही येतील, कोणाच्या तरी ३४ क्रमांकाच्या सदनिकेचा भाडेकरारही त्यांत असेल, आणि त्या तशा येऊ द्याव्यात. त्यानंतर हाच शोध सीटीएस नंबर, गट नंबर आणि प्लॉट नंबर घेऊन स्वतंत्रपणे पुन्हा करावा.

वर्षाची निवड हीसुद्धा एक चाळणीच आहे आणि तिचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. हे वर्ष दस्त नोंदवल्याचे असते, सही केल्याचे नव्हे. अधिनियमाच्या कलम २३ नुसार दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करता येतो आणि कलम २५ नुसार दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. डिसेंबर २०१८ मध्ये सही झालेला करारनामा त्यामुळे २०१९ च्या यादीत असू शकतो. शिवाय कलम ४७ नुसार नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या नव्हे तर करून दिल्याच्या तारखेपासून अमलात येतो. म्हणजे आज यादीत नसलेला दस्त दोन महिन्यांनी नोंदला जाऊन आपल्या आधीच्या तारखेपासून प्रभावी ठरू शकतो. यासाठी विक्रेता सांगेल त्या वर्षाच्या पुढची आणि मागची वर्षेही घ्यावीत, आणि खरे पाहता एकही वर्ष सोडू नये.

किती वर्षे मागे जावे याबाबत वकीलवर्गात तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. त्यामागे मुदतीच्या कायद्याची बाजू आहे: गहाण सोडवून ताबा परत मागण्याच्या दाव्यासाठी मुदत अधिनियम, १९६३ मध्ये तीस वर्षांची मुदत दिलेली आहे. संगणकीकृत नोंदी मात्र बहुतांश महाराष्ट्रासाठी २००२ च्या सुमारास ‘सरिता’ प्रणाली आल्यापासूनच्या आहेत; मुंबईच्या बाबतीत त्याहून जुन्या वर्षांच्या नोंदीही आहेत. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून, शोध शुल्क भरून हस्तलिखित सूची पाहावी लागते. संगणकावर १९९६ ची नोंद नाही, याचा अर्थ १९९६ मध्ये काही घडले नाही असा मुळीच होत नाही.

तिसरी पायरी: सगळ्या नोंदी एका तक्त्यात आणणे

संकेतस्थळावर निकाल पानापानांनी दिसतात आणि तिथल्या तिथे वाचत बसल्यास दुसऱ्या वर्षाकडे जाईपर्यंत पहिले विसरते. त्यापेक्षा प्रत्येक पान निवडून एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये उतरवून घ्यावे. दस्त क्रमांक, दस्ताचा प्रकार, नोंदणीची तारीख, दुय्यम निबंधक कार्यालय, लिहून देणार (हक्क देणारा), लिहून घेणार (हक्क घेणारा) आणि मिळकतीचे वर्णन हे स्तंभ तसेच ठेवावेत आणि आपले दोन स्तंभ जोडावेत: ही नोंद कोणत्या क्रमांकाच्या शोधातून आली तो एक, आणि तिच्याविषयी आपले मत तो दुसरा. मूळ उतरवलेले पान कधीही बदलू नये. त्याची प्रत काढून तिच्यावर काम करावे.

एकच दस्त वेगवेगळ्या शोधांत पुन्हा पुन्हा येतो, म्हणून दुबार नोंदी काढाव्या लागतात. इथे एक ठरलेली चूक होते. दस्त क्रमांक प्रत्येक कार्यालयात दरवर्षी एकपासून सुरू होतो. हवेली तालुक्यातच दोन डझनांहून अधिक सह दुय्यम निबंधक कार्यालये आहेत, त्यामुळे २०२१ सालचा ‘१२३४’ या क्रमांकाचा दस्त अनेक कार्यालयांत असतो. कार्यालय, क्रमांक आणि वर्ष हे तिन्ही जुळले तरच नोंद दुबार समजावी. केवळ दस्त क्रमांकावरून दुबार नोंदी पुसल्या, तर वेगळ्या कार्यालयातला खराखुरा गहाणखताचा दस्त त्यासोबत पुसला जाण्याचा धोका असतो.

याच कारणासाठी कार्यालयाच्या नावावर चाळणी लावू नये. हवेलीतील मिळकतीचा दस्त हवेलीच्या कोणत्याही कार्यालयात नोंदवता येत असल्यामुळे एकाच सदनिकेचे तीन दस्त तीन कार्यालयांत असणे अगदी स्वाभाविक आहे.

चौथी पायरी: मजकूर एकसारखा करणे

तक्त्यातील चाळणी, म्हणजे ‘फिल्टर’, अक्षरे जुळवते, अर्थ जुळवत नाही. ‘फ्लॅट’, ‘सदनिका’, ‘निवासी गाळा’ आणि ‘अपार्टमेंट’ हे आपल्याला एक वाटले तरी संगणकाला चार वेगळे शब्द दिसतात. म्हणून वर्णनाच्या स्तंभाची प्रत काढून तिच्यात काही बदल करावेत. सर्वप्रथम मराठी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. ‘शोधा आणि बदला’ ही सोय दहा वेळा वापरली की हे काम होते. मग जास्तीच्या मोकळ्या जागा काढाव्यात. त्यानंतर ‘स.नं.’, ‘सर्वे नं’, ‘सर्व्हे नंबर’ यांना एकच रूप द्यावे. एक बारकावा मराठी मजकुरातच येतो: ‘अॅग्रीमेंट’ मधील पहिले अक्षर काही ठिकाणी ‘अ’ वर चंद्र देऊन, तर काही ठिकाणी ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराने टंकलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगळी असल्याने एकावर लावलेली चाळणी दुसऱ्याला पकडत नाही.

तारखांकडेही पाहावे. ०५/११/२०१९ हा दिवस ५ नोव्हेंबर आहे, पण तक्त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो ११ मे होतो आणि दस्तांचा क्रमच उलटतो. तक्त्याच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडून मगच तारखा उतरवाव्यात.

पाचवी पायरी: सदनिकेची चाळणी वेगळी, जमिनीची वेगळी

या कामाचा गाभा इथे आहे. सदनिकेच्या व्यवहारात नोंदींचे दोन थर असतात. वरचा थर सदनिकेचा: विकसक ते पहिला खरेदीदार, पहिला ते दुसरा, त्यांची गहाणखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे. खालचा थर जमिनीचा: मूळ मालकाचे खरेदीखत, वाटणीपत्र, विकसन करारनामा, विकसकाला दिलेले कुलमुखत्यारपत्र, प्रकल्पाचे गहाण आणि शेवटी सोसायटीच्या नावे झालेले अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीला देणे) किंवा, विकसकाने ते केले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने होणारे, मानीव अभिहस्तांतरण. वरच्या थरातील दस्तांत सदनिका क्रमांक असतो, खालच्या थरात तो नसतो. सदनिका क्रमांकाची चाळणी लावली की खालचा थर पूर्णपणे दृष्टीआड होतो.

म्हणून तक्त्याच्या दोन प्रती कराव्यात. पहिल्या प्रतीत जमिनीचा थर शोधावा. वर्णनाच्या स्तंभावर आधी ३४ या सर्व्हे नंबरची चाळणी लावावी. मात्र ‘३४ समाविष्ट आहे’ एवढीच अट लावली तर १३४, ३४० आणि रस्त्यांचे क्रमांकही येतील. अलीकडच्या दस्तांत वर्णनाच्या शेवटी कंसात ‘सर्व्हे नंबर’ असे लिहून अपूर्णविराम (:), अंक आणि अर्धविराम (;) अशी ठरावीक मांडणी असते. तिचा आधार घेऊन अंकाच्या दोन्ही बाजूंची चिन्हे अटीत घेतली तर चाळणी अचूक होते. जुन्या दस्तांत मात्र अशी मांडणी नसते, त्यामुळे ते वर्षागणिक वेगळे काढून डोळ्यांनी वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तीस वर्षांच्या नोंदी वाचायला एक संध्याकाळ लागते, आणि आयुष्यभराची कमाई ज्या व्यवहारात जाणार आहे त्यासाठी ती देण्यात काहीच जास्त नाही. उरलेल्यांतून सदनिका, माळा, दुकान, कार्यालय यांचे क्रमांक असलेल्या ओळी तात्पुरत्या लपवाव्यात. जे उरते ते बहुधा जमिनीचे दस्त असतात.

दुसऱ्या प्रतीत सदनिकेचा थर शोधावा. नव्या दस्तांच्या वर्णनात ‘सदनिका नं’, ‘माळा नं’, ‘इमारतीचे नाव’, ‘ब्लॉक नं’, ‘रोड’, ‘इतर माहिती’ अशी शीर्षके असतात. इमारतीच्या नावावर एकदम भिस्त ठेवू नये; प्रकल्पाचे नाव करारनाम्यात एक असते, सोसायटीची नोंदणी दुसऱ्या नावाने होते आणि इंग्रजी नावाचे मराठी लेखन तर दर दस्तागणिक बदलते. आधी सदनिका क्रमांक आणि मजला यांची अट लावावी, आणि मिळालेल्या ओळींत इमारतीची नावे कोणकोणती आहेत ते पाहून त्यांतली आपली ठरवावी. ‘सदनिका नं: ५’ ही अट ‘५०२’ लाही पकडते, तर ‘ए-५’ किंवा ‘ए/५’ ला सोडते, म्हणून विंग असलेल्या इमारतीत दोन्ही बाजूंनी तपासावे. दोन सदनिका एकत्र करून विकल्या असतील तर वर्णन ‘४ व ५’ असे असेल, हेही ध्यानात ठेवावे.

सहावी पायरी: दस्तांचे प्रकार आणि मोबदला

दस्ताच्या प्रकारावर चाळणी लावताना पुष्कळ जण ‘खरेदीखत’ हा एकच प्रकार निवडतात. जमिनीच्या व्यवहारात ते काही अंशी चालेल, सदनिकेच्या व्यवहारात मात्र ते घातक आहे. महाराष्ट्रात सदनिकेवरील मुद्रांक शुल्क साधारणपणे करारनाम्यावरच भरले जाते आणि त्यानंतर स्वतंत्र खरेदीखत झालेले नसणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. यादीत हाच दस्त कधी ‘करारनामा’, कधी ‘ॲग्रीमेंट टू सेल’, तर पुनर्विक्रीत ‘सेल डीड’ किंवा ‘असाइनमेंट’ म्हणून दिसतो. प्रकारांच्या स्तंभातील सर्व वेगवेगळी मूल्ये आधी एकदा वाचून काढावीत आणि मग त्यांचे गट करावेत: मालकी देणारे, बोजा चढवणारे, बोजा उतरवणारे, हक्क सोडणारे, दुरुस्त करणारे आणि केवळ वापराचा परवाना देणारे.

शेवटच्या गटातील लिव्ह अँड लायसन्सचे करार यादीत अतिशय मोठ्या संख्येने असतात, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार त्यांची नोंदणी सक्तीची आहे. त्या ओळी लपवल्या की तक्ता हलका होतो. पण आपल्या सदनिकेच्या अशा ओळी लपवण्यापूर्वी वाचाव्यात. शेवटच्या कराराची मुदत संपलेली नसेल, तर घरात आज कोण राहते हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे.

मोबदल्याच्या रकमेवर ‘शून्याहून अधिक’ अशी चाळणी लावणेही तितकेच धोक्याचे आहे. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूक दुरुस्ती पत्र, रद्दलेख यांत मोबदला शून्य किंवा नाममात्र असतो, आणि मालकीची साखळी बहुतेक वेळा याच दस्तांपाशी तुटते किंवा जुळते. वडिलांच्या पश्चात तीन भावंडांपैकी दोघांनी हक्क सोडला आणि तिसऱ्याने सोडला नाही, ही गोष्ट रकमेच्या स्तंभातून कधीच कळणार नाही.

चूक दुरुस्ती पत्राविषयी एक शब्द अधिक. मूळ दस्तात सर्व्हे नंबर किंवा सदनिका क्रमांक चुकला असेल तर मूळ नोंद चुकीच्या क्रमांकाखाली राहते आणि योग्य क्रमांक केवळ दुरुस्ती पत्रात येतो. दुरुस्ती पत्र हाती लागले तर त्यातील मूळ दस्ताचे कार्यालय, क्रमांक आणि वर्ष घेऊन तो दस्त स्वतंत्रपणे, दस्त क्रमांकाच्या शोधातून पाहावा.

सातवी पायरी: नावांची चाळणी सर्वांत शेवटी

नावावरून शोधणे सोपे वाटते, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. परंतु आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव घातले की आद्याक्षर, विवाहापूर्वीचे नाव की नंतरचे, ‘देशपांडे’ की ‘देशपांडें’, यांतील प्रत्येक फरकाने नोंद निसटते. कुलमुखत्याराने सही केलेली असेल तर ‘तर्फे कु. मु.’ म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव पुढे येते, आणि ‘मान्यता देणार’ म्हणून सह्या करणारी कुटुंबीय मंडळी याच रकान्यात असतात. नावांचा उपयोग उरलेल्या नोंदींची साखळी तपासण्यासाठी करावा: एका दस्तातील लिहून घेणारा पुढच्या दस्तातील लिहून देणारा असला पाहिजे. मधे एखादे नाव आपोआप बदललेले दिसले, तर वारसा, मृत्युपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा एखादी न सापडलेली नोंद, यांपैकी काहीतरी तिथे आहे.

याच टप्प्यावर एक विनंती करावीशी वाटते. या यादीत अनोळखी माणसांची नावे, वये आणि राहते पत्ते असतात. अभिलेख पाहण्यास खुला आहे म्हणून त्याची चित्रे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे उचित नाही. आपले काम झाल्यावर शेजाऱ्यांच्या ओळी तक्त्यातून काढून टाकाव्यात.

आठवी पायरी: उरलेल्या प्रत्येक नोंदीची सूची पूर्ण वाचणे

आता साधारण आठ-दहा दस्त उरले असतील. त्या प्रत्येकाची सूची क्रमांक २ उघडून चौदाही रकाने वाचावेत. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, चौथ्यात भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक, पाचव्यात क्षेत्रफळ, सातव्या-आठव्यात पक्षकार, नवव्यात दस्त करून दिल्याची तारीख आणि दहाव्यात नोंदणीची तारीख असते. बारावा आणि तेरावा रकाना मुद्रांक व नोंदणी शुल्काचा, तर चौदावा शेऱ्याचा असतो, जो बहुतेक लोक वाचतच नाहीत.

क्षेत्रफळ पाहताना एकक तपासावे. चौरस मीटर आणि चौरस फूट यांत १०.७६४ पटींचा फरक आहे. जमिनीच्या दस्तांत हेक्टर-आर असतात आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांची सरमिसळ तर जुन्या दस्तांत सर्रास आढळते. त्याच सदनिकेचे क्षेत्र एका दस्तात ५५ आणि पुढच्यात ६६ असेल, तर गच्ची किंवा बाल्कनी नंतर मोजली गेली, की एकक बदलले, की खरोखरच काही वाढवले, हे विचारण्याजोगे आहे.

प्रत्येक गहाणखतापुढे त्याचा गहाणमुक्तीचा दस्त लिहावा, ज्याला कार्यालयात ‘रिकन्व्हेयन्स’ म्हणतात. तो सापडला नाही तर कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र मागावे. शोधाच्या पानावर नियमित दस्त, ई-नोंदणी आणि ई-फायलिंग असे प्रकार वेगळे दिसतात, त्यांतील ई-फायलिंगकडे इथे लक्ष द्यावे: नोंदणी अधिनियमाच्या महाराष्ट्रातील कलम ८९-ब नुसार १ एप्रिल २०१३ पासून हक्कलेख ठेवून काढलेल्या गहाणाची सूचना दाखल करावी लागते, आणि गृहकर्जाच्या पुष्कळशा नोंदी याच स्वरूपात असतात.

या अभिलेखाबाहेर काय राहते

ज्याची नोंदणी होत नाही किंवा झालेली नाही ते या सूचीत असणार नाही. त्या सदनिकेवर चालू असलेला पण ज्याची सूचना नोंदवलेली नाही असा दिवाणी दावा, मालमत्ता कराची किंवा सोसायटीची थकबाकी, मृत्यूनंतर केवळ वारस म्हणून लागलेली नावे, आणि मृत्युपत्रे, ज्यांची नोंद वेगळ्या पुस्तकात होते, ही सगळी या चाळणीबाहेरची आहेत. वारसाची नोंद शेतजमिनीत फेरफारावर आणि सदनिकेत सोसायटीच्या भागपत्रावर सापडते. बँकांच्या तारण हक्कांसाठी ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही २०११ पासून अस्तित्वात आहे आणि शुल्क भरून तिथेही शोध घेता येतो. हे कागद जमवून आपला तक्ता वकिलांकडे न्यावा. त्यांच्या शोध अहवालाला तो पर्याय नाही, परंतु कोणत्या दस्तांच्या प्रमाणित प्रती काढायच्या हे त्यामुळे पहिल्याच भेटीत ठरते.

भाव समजून घ्यायचा असेल तर

याच तक्त्याचा दुसरा उपयोग परिसरातील खरे व्यवहार किती रकमेला झाले हे पाहण्यासाठी होतो. त्यासाठी चाळणी उलट दिशेने लावावी लागते: भाडेकरार, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि दुरुस्ती पत्रे पूर्णपणे काढून केवळ मागील दीड-दोन वर्षांतील सदनिकांचे करारनामे ठेवावेत, आणि मोबदला भागिले चटई क्षेत्र असा दर काढावा. मालकीचा शोध घेताना वगळणे धोक्याचे असते, भावाचा अंदाज घेताना न वगळणे धोक्याचे असते. म्हणून या दोन कामांसाठी एकच तक्ता वापरू नये. सरासरीपेक्षा सगळे दर चढत्या क्रमाने लावून मधला दर पाहावा, कारण एखादा दुमजली घराचा किंवा नातेवाइकांमधील व्यवहार सरासरी बिघडवतो. बाजारभावाच्या रकान्यातील रक्कम वार्षिक दर तक्त्यावरून, म्हणजे ‘रेडी रेकनर’वरून काढलेली असते; मुद्रांक शुल्क ती आणि मोबदला यांपैकी अधिक असेल त्यावर लागते, पण बाजारात मिळणारा भाव म्हणून ती वाचू नये.

शेवटचा शोध

तक्त्याच्या तळाशी शोध कोणत्या दिवशी, कोणत्या वर्षांसाठी, कोणकोणत्या क्रमांकांवर घेतला आणि कोणत्या शोधात काहीच मिळाले नाही, हे लिहून ठेवावे. विसार दिल्यापासून आपल्या करारनाम्याच्या नोंदणीपर्यंत एक-दोन महिने सहज जातात आणि त्या अवधीत नवा दस्त नोंदला जाऊ शकतो. म्हणून नोंदणीसाठी वेळ घेतलेल्या दिवशी, घरातून निघण्यापूर्वी, चालू वर्षाचा शोध त्या सर्व क्रमांकांवर पुन्हा एकदा घ्यावा, आणि यादीत मागच्या वेळी नसलेली एकही ओळ दिसली तर ती उघडून वाचल्याशिवाय दुय्यम निबंधकांसमोर सही करू नये.